बिनआवाजाचा हुतूतू

मी मास्तर झालो तो मला नांगर सरळ धरता येत नव्हता म्हणून. आमच्या वावरात मी काढलेलं तास इतकं वाकडं निघायचं की बैलसुद्धा थांबून मागं वळून पाहायचे. दोन हंगाम वाट पाहून वडील आईला म्हणाले, "याले मास्तर करू. तिथं वाकडं गेलं तरी पीक बुडत नाई." मग सातवी, मग मास्तरकी शिकवणारं नॉर्मल स्कूल, आणि मिसरूड नीट फुटायच्या आत नेमणूक. तेव्हा आमचा मुलूख मध्यप्रदेशात मोडायचा, राजधानी नागपूर होती, आणि वाशीम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. माझी शाळा मंगरूळपीरच्या पुढं. मोटर फाट्यावर सोडायची आणि तिथून गाडीवाटेनं पायी जायचं.

शाळा म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि समोर निंबाच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. तो तुकडा म्हणजे घंटा. वर्ग चार आणि मास्तर दोन. हेडमास्तरांना गाव मोठे गुरुजी म्हणायचं. मी वयानं, अंगानं आणि पगारानंही लहान, म्हणून लहान गुरुजी. पहिली आणि चौथी त्यांनी स्वतःकडे ठेवली, दुसरी आणि तिसरी मला दिली. ही वाटणी मला फार मोठ्या मनाची वाटली. नंतर समजलं की चौथीची पोट्टी पहिलीच्या पोट्ट्यांना सांभाळतात आणि मोठे गुरुजी भिंतीला टेकून डोळे मिटतात. त्याला ते मनन म्हणायचे. माझ्याकडच्या दुसरी-तिसरीत सांभाळण्याच्या वयाचं कोणीच नव्हतं. सगळी चावण्याच्या वयाची होती.

मोठे गुरुजी माणूस वाईट नव्हते. डोक्यावर काळी टोपी, खिशात तपकिरीची डबी, आणि विद्या बुडातून वर चढते यावर ठाम विश्वास. बूड टाटपट्टीवर जितका वेळ टेकलेलं, तितकी विद्या जास्त. छडी त्यांनी सोडली होती, कारण उजवा खांदा धरायचा. गावात मात्र ते याला अहिंसा म्हणत. छडी गेल्यावर पोरांना वठणीवर आणायला दुसरं काहीतरी लागणार होतं, आणि पोळ्याच्या सुमाराला त्यांना ते सापडलं. दुपारच्या सुट्टीत पोट्टी शाळेमागच्या मोकळ्या जागेत हुतूतू खेळायची, विटीदांडू खेळायची, वडावर डाबडुबली, म्हणजे सूरपारंब्या, खेळायची. एका दुपारी माझ्या तिसरीचा गलबला भिंतीपलीकडं त्यांच्या मननापर्यंत पोचला. ते दारात आले आणि शांतपणे म्हणाले, "तिसरीचा खेळ बंद."

पहिल्या दिवशी याचा परिणाम असा झाला की मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. पोट्टी हाताची घडी घालून बसली, माशीसुद्धा बिचकून उडत होती. दुसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की पोट्टी बसली आहेत म्हणजे मलाही बसायचं आहे. तिसऱ्या दिवसापासून त्यांच्या अंगातलं ते न खेळलेलं सगळं बाहेर पडायला लागलं. कोणी चिमटा काढायचा, कोणी पाटीवर थुंकून शेजाऱ्याच्या सदऱ्यानं पुसायचा. दोघा पोट्ट्यांच्या करदोट्यांची एकमेकांत गाठ मारून ठेवलेली निघाली. मागच्या ओळीत एक बकरी ओरडायची. मी गेलो की ती बंद व्हायची आणि पुढच्या ओळीत ओरडायची. भिंतीपलीकडून हुकूम यायचा, "आणखी आठ दिवस बंद." या शिक्षा साचत साचत दसऱ्याच्या आसपास अशा थराला आल्या की आमच्या तिसरीचा खेळ होळीच्या आधी उघडायची शक्यता नव्हती. तोवर मोठ्या गुरुजींची चौथीही सापडली होती, मग दुसरी. शेवटी सगळी शाळाच सुट्टीत बसून राहायला लागली. मागच्या जागेत गवत माजलं आणि गावातल्या बकऱ्या तिथं चरायला यायला लागल्या. त्यांना खेळायला कोणाची बंदी नव्हती.

एका दुपारी, त्या बंद सुट्टीतच, तिसरीतली एक पोट्टी उठली आणि करंगळी दाखवून बाहेर गेली. तिचा बाप पाटलांकडं सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीनं त्यांची शेती करायचा. ही त्याची थोरली. कोरडी पडलेली शेंग हलवली की वाजते तशी ती बसल्या जागी वाजत असायची. तिच्यामागून आणखी एकानं करंगळी दाखवली. मग आणखी दोघांनी. मी पेंगलेला होतो, मान हलवत राहिलो. डोळे उघडले तेव्हा वर्गात दुसरीतली दोन बारकी पोरं आणि एक झोपलेलं पोर एवढीच उरली होती. सगळ्या वर्गाला एकदम लागली, असं मास्तरकीच्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. मी चपला हातात घेतल्या आणि भिंतीच्या कडेकडेनं मागं गेलो.

मागं हुतूतूचा डाव पुऱ्या भरात होता, आणि आवाज नव्हता. चढाई करणारा पोरगा ओठ हलवत पुढं जात होता, पण 'हुतूतू' तोंडाबाहेर पडत नव्हतं. पकडणारे धावत होते तेही पायांच्या चवड्यांवर. एक जण सपशेल तोंडावर पडला, त्याचं ढोपर फुटलं, त्यानं तोंड वासलं आणि आवाज न काढताच मिटलं. मेलेले गडी कडेला उकिडवे बसून दोन्ही हात हवेत हलवत होते, ती त्यांची आरोळी. सालदाराच्या पोट्टीनं मला पाहिलं. आता पळापळ होणार असं मला वाटलं. तिनं फक्त ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडं डोळे वटारले. मी मुकाट्यानं उभा राहिलो.

ज्यांना मला पाढा संपेस्तोवर गप्प ठेवता येत नव्हतं, तीच ही पोट्टी. कोणी छडी घेऊन उभं नव्हतं, कोणी डोळे वटारत नव्हतं. म्हणजे डोळे वटारले होते, पण ते माझ्यावर. मी तसाच मागं फिरलो, वर्गात जाऊन बसलो, आणि एकेक जण करदोटा सावरत परत आला तेव्हा काही दिसलंच नाही असा चेहरा केला.

त्या संध्याकाळी मी मोठ्या गुरुजींना विनंती केली की दुसरी-तिसरीचा खेळ मला परत द्या, वर्गाच्या शिस्तीची जबाबदारी माझी. त्यांनी विद्या आणि बूड यांच्या नात्यावर मला बराच वेळ समजावलं. नॉर्मल स्कुलात शिकलेलं मी थोडंफार सांगून पाहिलं, ते त्यांनी तपकिरीबरोबर उडवून लावलं. मग मी सहज विचारलं की गुरुजी, एवढ्यात तुम्ही सुट्टीत गरम चहा घेतलाय का. ते थांबले. त्यांचं घर शाळेपासून हाकेवर. पूर्वी सुट्टी झाली की ते घरी जायचे, चहा घ्यायचे, थोडं लवंडायचे. खेळ बंद केल्यापासून त्यांनाच चौथीवर राखण बसावं लागत होतं आणि चहा घरी निवत होता. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले की दिवाळीपर्यंत करून पाहा, पण भिंतीतून आवाज आला तर गावाला उत्तर तुम्ही द्यायचं. त्यांचा स्वतःचा वर्ग मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी कारण न सांगता खेळायला सोडला.

खेळ मिळाला, पण वर्ग जागेवर नव्हता. मग मी फुटाण्यांचा प्रयोग केला. नीट बसेल त्याला संध्याकाळी मूठभर फुटाणे. दोन दिवस पोट्टी देवळातल्या मूर्तींसारखी बसली आणि मी स्वतःवर खूष झालो. तिसऱ्या दिवसापासून चहाड्या सुरू झाल्या. गुरुजी, यानं मले वेंगाडून दाखवलं. गुरुजी, हा मनात शिव्या देऊन राह्यला. पाटलांचा पोरगा वर्गात होता. त्याचे खिसे घरूनच शेंगदाण्यांनी भरलेले असायचे, त्यामुळं त्याला माझ्या फुटाण्यांशी काही देणंघेणं नव्हतं आणि तो खुशाल उड्या मारायचा. शेवटी दुसरीतल्या एका पोरानं बक्षिसाचा फुटाणा नाकात घातला. तो निघेना. पोराचा बाप वावरात, आई विहिरीवर, आणि मी घामाघूम. मोठे गुरुजी आले, त्यांनी डबी उघडली, चिमूटभर तपकीर पोराच्या दुसऱ्या नाकपुडीला लावली, आणि फुटाणा बंदुकीतून सुटावा तसा फळ्यावर जाऊन आदळला. पोरगा हसायला लागला. मोठ्या गुरुजींनी फुटाणा उचलून माझ्या हातावर ठेवला. ते मला फार लागलं, आणि फुटाणे संपले.

मग मला काही सुचेना, म्हणून मी सुट्टीत पोट्ट्यांबरोबर खेळायला लागलो. यात शिक्षणशास्त्र काही नव्हतं. मी विशीच्या आतला होतो आणि गावात मला दुसरी करमणूक नव्हती. धोतराचा काचा मारला आणि एका बाजूला गडी म्हणून उतरलो. लांब हातापायांमुळं मी चढाईत भारी ठरेन असं मला वाटत होतं. तिकडच्या बाजूला सालदाराची पोट्टी होती. पोरांच्या डावात पोट्टी कशाला, असं गावातल्या काही बायका म्हणायच्या, पण तिला घेतलं नाही तर ती बाहेर उभी राहून दोन्ही बाजूंच्या इतक्या चुका काढायची की घेतलेलं परवडायचं. मी हुतूतू करत गेलो, दोघांना शिवलो, आणि परतताना दम अपुरा पडला. मी कळेल न कळेल असा एक श्वास मधेच घेतला. मास्तर माणूस, कोण पकडणार.

"गुरुजी, दम तुटला तुमचा," ती म्हणाली. "तुमी मेले."

मी सांगितलं की तुटला नाही. तिनं सांगितलं की तिनं ऐकलं. माझ्याच बाजूच्या एका पोरानं खाली पाहिलं, तेव्हा मला कळलं की त्यानंही ऐकलं. मी आवाज जरा चढवून म्हणालो की मी खोटं बोलेन का, मी मास्तर आहे.

"मेलेला मास्तरबी मेलाच राह्यते," ती म्हणाली आणि पुढच्या चढाईला लागली. डाव थांबलासुद्धा नाही.

मी कडेला मेलेल्यांच्या रांगेत जाऊन बसलो. माझ्या शेजारी बकरीचा आवाज काढणारा पोरगा होता. माझ्या मनात राग होता, त्याच्या मनात अजिबात नव्हता. तो आपल्या बाजूसाठी घसा फोडून ओरडत होता, कारण आपला गडी तिकडचा एक मारून आला की मेलेल्यांच्या रांगेतला पहिला जिवंत होणार होता. मेलेला असूनही तो पूर्णपणे डावात होता. थोड्या वेळानं तो जिवंत झाला, मग मी झालो, आणि उठताना मला इतका आनंद झाला की एका मास्तराला तो शोभत नव्हता. तिथं बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं की आमच्या शाळेत पोळ्याला मेलेलं पोर होळीपर्यंत जिवंत होत नव्हतं. मग त्यानं शेजाऱ्याला चिमटा काढू नये तर काय करावं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं की मैदानात गडी कशानं मरतो ते तुम्हांला सांगावं लागत नाही, मग वर्गात कशानं मरावा ते तुम्हीच सांगा. एक गोष्ट मी आधीच बोलून टाकली: काही झालं तरी सुट्टीतला खेळ कोणाचा जाणार नाही. त्यावर त्यांचा विश्वास बसायला जरा वेळ लागला. मग सगळी एकदम बोलायला लागली, आणि जो दुसऱ्याच्या बोलण्यात बोलला तो मेला, हा पहिला नियम त्या गोंधळातूनच निघाला. मारलं तर मेला. दुसऱ्याची पाटी पुसली तर मेला. पाटलांच्या पोरानं सुचवलं की थुंकलं तर मेला, आणि सगळ्यांनी त्याच्याकडंच पाहिलं. मेलेल्यानं दाराजवळच्या रांजणापाशी जायचं आणि वर्गाच्या उपयोगाचं एखादं काम केलं की जिवंत होऊन परत यायचं. पाणी भरायचं, ओसरी झाडायची, फळा पुसायचा, नाहीतर दुसरीतल्या एखाद्याकडून पाढा म्हणवून घ्यायचा. सगळं झालं असं वाटलं तेव्हा सालदाराची पोट्टी उठली.

"आनि गुरुजी तंबाखू चोळता चोळता शिकोतात तवा?"

वर्ग माझ्याकडं पाहत राहिला. मी खिशातली चंची चाचपली आणि जड मनानं कबूल केलं की तेव्हा गुरुजी मेले.

पहिल्या आठवड्यात आमच्या तिसरीची अवस्था पटकी आल्यासारखी झाली. जिवंत कमी, मेलेले जास्त. रांजण भरून ओसंडायचा, फळा पुसून पुसून पांढरा पडला, ओसरी इतकी झाडली गेली की खालचं सारवण निघालं. पाढे म्हणवून घेणारे इतके झाले की दुसरीतली पोरं त्यांना चुकवून पळायला लागली. मी स्वतः रोज मरत होतो. विहिरीवर बायका मला बादली घेऊन आलेला पाहायच्या आणि विचारायच्या की मास्तर, आज काय केलं. हळूहळू मरणं कमी झालं. पोट्टी साधू झाली नव्हती. पण कोणी बोलत असलं की बाकीची थांबायची, आणि थांबलं नाही तर शेजारचाच त्याला ढोसायचा. सुट्टी झाली की सगळी जिवंत-मेलेली एकत्र मागं पळायची आणि तिथं मात्र गावभर ऐकू जाईल असा हुतूतू घुमायचा. दिवाळीच्या आधी एकदा मोठे गुरुजी खिडकीतून डोकावून गेले. मी वर्ग सोडून दिला असावा अशी त्यांना शंका आली होती.

दिवाळी झाली, कापूस वेचणीला आला, वर्ग अर्धा रिकामा झाला, पुन्हा भरला. आणि मग पाटील आले. छत्री काखेत, धोतर पायघोळ, चेहरा वाईट. त्यांचा पोरगा आदल्या दिवशी मेला होता, आणि तो मेला असं म्हणणारी सालदाराची पोट्टी होती. जिवंत व्हायला त्यानं ओसरी झाडली होती आणि रस्त्यानं जाणाऱ्या कोणीतरी ते पाहिलं होतं.

"मास्तर," पाटील म्हणाले, "माह्या पोराच्या हातात फडा कोनं देल्ला?"

मी म्हणालो की त्यानं आपल्या हातानं घेतला. ते म्हणाले की माझ्या सालदाराची पोरगी माझ्या पोराला मारते आणि तुम्ही पाहत राहता. मी सांगितलं की तिनं मारलं नाही, तो आपला आपण मेला. हे बोलणं ऐकणाऱ्याला वेड्यांच्या इस्पितळातलं वाटलं असतं. नेमका त्या दिवशीही त्यांचा पोरगा मेलेला होता आणि आमच्या मागं ओसरीवर झाडत होता. बापानं त्याच्या हातातला फडा ओढला. पोरानं सोडला नाही.

"बाबा, सोडा ना," तो म्हणाला. "मले जित्तं व्हायचं हाये."

पाटलांनी फडा सोडला. ते पोराला दंडाला धरून घेऊन गेले. दोन-चार दिवस तो आलाच नाही. नंतर एका दुपारी सुट्टीच्या ऐन वेळेला तो कुंपणावरून उडी मारून डावात दाखल झाला, सुट्टी संपल्यावर सगळ्यांबरोबर वर्गात येऊन बसला, आणि घरी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. पण पाटलांनी मंगरूळपीरला निरोप धाडला, आणि पंधरवड्यात शाळातपासनीस आले. त्यांना सगळे डिपोटी म्हणत.

डिपोटीसाहेब दमणीतून, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीतून, उतरले. डोक्यावर हॅट, तोंडात विडा. मोठे गुरुजी सकाळपासून तपकीर न ओढता फिरत होते, त्यामुळं त्यांचे डोळे पाणावलेले होते. दोघं माझ्या वर्गात आले तेव्हा सालदाराची पोट्टी उभी राहून धडा वाचत होती. पोरं उठून उभी राहिली, नमस्ते झालं, साहेबांनी हातानं बसा म्हटलं, चालू द्या म्हटलं. तिनं बोट ठेवलेल्या ओळीपासून पुढं वाचायला सुरुवात केली. साहेब मोठ्या गुरुजींकडं वळले आणि दुपारच्या जेवणाचं विचारायला लागले. वांग्याची भाजी करायची असेल तर तेल सढळ हातानं टाकायला सांगा, असं काहीसं. तिनं वाचणं थांबवलं. साहेब बोलतच राहिले. ती त्यांचं बोलणं संपायची वाट पाहत उभी राहिली, आणि ते संपल्यावर म्हणाली,

"सायेब, वाचन चालू होतं. तुमी मेले."

साहेबांच्या तोंडातला विडा हलायचा थांबला. मोठे गुरुजी पुढं झाले, हात जोडून सांगायला लागले की साहेब, मुलगी अजाण आहे, तिला म्हणायचं होतं की... आणि पाटलांचा पोरगा, ज्याच्या बापामुळं हे सगळं घडत होतं, बसल्या जागेवरून अगदी काळजीच्या स्वरात म्हणाला, "मोठे गुरुजी, आता तुमीबी मेले."

साहेबांनी मला विचारलं की हा काय प्रकार आहे. मी जमेल तसं सांगितलं. मेलेला म्हणजे काय, जिवंत कसं व्हायचं, खेळ का काढून घेत नाही. सांगताना मला स्वतःलाच ते पोरखेळ वाटायला लागलं. साहेब ऐकत होते आणि लाल होत होते. तेवढ्यात मला बादलीची कडी वाजल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं तर मोठे गुरुजी रांजणापाशी होते. त्यांनी बादली उचलली, टोपी सारखी केली, आणि आमच्यापैकी कोणाकडंही न पाहता विहिरीकडं चालते झाले.

ते लवकर परत आले नाहीत. साहेबांना बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर विडा थुंकला. बाहेर थुंकलेलं नियमात बसत नव्हतं, पोट्ट्यांनी ते सोडून दिलं. मग साहेबांनी वर्गाची परीक्षा घेतली. पाढे विचारले, हिशेब घातले, नकाशावर नर्मदा दाखवायला लावली. एकेक जण उठला आणि उत्तर दिलं. ज्याला येत नव्हतं त्यानं येत नाही म्हणून सांगितलं. मधे कोणी बोललं नाही. बकरी ओरडली नाही. साहेबांचा चेहरा मला अजून आठवतो. आपल्याला राग आलाय, पण तो ठेवायला जागा सापडत नाही, असा. जाताना ते म्हणाले की वर्ग ठीक आहे, पण भाषा असभ्य आहे आणि शिक्षकाचा वचक नाही.

दमणी दृष्टीआड झाल्यावर मोठे गुरुजी भरलेली बादली घेऊन आले. रांजणात पाणी ओतलं. पोट्ट्यांनी त्यांना जिवंत करून घेतलं, म्हणजे सगळी हात हलवून हसली. मी त्यांना नंतर विचारलं की तुम्ही पाण्याला का गेलात. ते म्हणाले, "मला तिथून सटकायचं होतं, मास्तर. तुम्ही दुसरं काही समजू नका." मी दुसरं काही समजलो नाही, पण पुढं ते सुट्टीतला खेळ कधी बंद करताना मला दिसले नाहीत. एवढंच म्हणाले की ते मरणं-बिरणं माझ्या वर्गात आणू नका, माझ्या वयाला ते अभद्र वाटतं.

माझी बदली संक्रांतीनंतर झाली. मानोऱ्याकडं, पोहरादेवीच्या अंगाला, एका तांड्यावरच्या शाळेत. मोठे गुरुजी म्हणाले की चांगलं झालं, तिकडं हवा कोरडी आहे, आणि मग बराच वेळ डबी शोधत राहिले, जी त्यांच्या हातातच होती. पाटलांनी माझ्या ट्रंकेसाठी आपणहून गाडी दिली. मी नक्की गेलो याची त्यांना खात्री हवी असावी. गाडी हाकायला त्यांचा सालदार. आम्ही निघालो तेव्हा सुट्टीचीच वेळ होती आणि मागं डाव रंगलेला होता. मला वाटलं, पोट्टी धावत येतील, दोन-चार रडतीलही. मी चेहराही तयार ठेवला होता. एकानंही मान वळवली नाही. सालदारानं गाडी जरा थांबवली, मी म्हणालो चल.

फाट्यावर मोटर यायला वेळ होता. सालदार बैलांना पाणी दाखवून आला आणि माझ्यापासून थोडा दूर उकिडवा बसला. मी बाजूला ये म्हटलं तेव्हा सरकला. त्याला काहीतरी विचारायचं होतं. शेवटी त्यानं विचारलं की पोट्टीनं लय तरास देल्ला का गुरुजी. मी म्हणालो, दिला. तो खूष झाला. मग म्हणाला की पाटील म्हणतात आता बस झालं, तिले कपाशीत पाठव. मी त्याला सांगितलं की चौथी होऊ दे. निदान चौथी होऊ दे. तो मातीत काडीनं रेघा ओढत राहिला.

"पायतो," तो म्हणाला.

पुढच्या पावसाळ्यात मंगरूळपीरच्या बाजारात मोठे गुरुजी भेटले. त्यांनी सांगितलं की ती त्यांच्या चौथीत आहे आणि पहिलीचा सगळा वर्ग तिच्या ताब्यात दिला आहे. ती सांभाळते, ते मनन करतात. चौथी तिची झाली. पाचवी मंगरूळपीरला होती, आणि त्या गावातून पोरगी मंगरूळपीरला शिकायला पाठवायची रीत तेव्हा नव्हती. मी एकदा सुट्टी काढून सालदाराला भेटायला गेलो. तो आणि ती दोघंही पाटलांच्या कपाशीत होती. पाटलांच्या ओसरीवर बसून मी चहा घेतला. त्यांचा पोरगा पाचवीला मोटरनं जायला लागला होता. मोटरीत तो दुसऱ्याच्या बोलण्यात बोलणाऱ्या माणसांना टोकतो, अशी तक्रार त्याच्या बापानं मला सांगितली. मी चहा संपवला, कप पालथा ठेवला आणि फाट्याकडं निघालो.